बंडाच्या डब्यात भजनं

१

डबा उघडला, रीळ साफ करून मशीनवर चढवलं, बटण दाबलं, आणि बंडाची घोषणा ऐकू यायच्या ऐवजी चर्चमधल्या बाया गायला लागल्या. छान गात होत्या हो, टाळ्या वाजवत. पण खोलीतल्या एकालाही ते भजन गोड लागलं नाही.

ती खोली सिंगापुरातल्या एका कंपनीची. जुन्या टेपा साफ करायच्या, त्यातला आवाज कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचा, हा तिचा धंदा. आणि ह्या टेपा आल्या होत्या पार पश्चिम आफ्रिकेतून. देशाचं नाव राहू द्या. तिथं आता लोकांनी निवडलेलं सरकार आहे, त्यांना कशाला खजील करा. तर त्या सरकारच्या माहिती मंत्रालयाला वाटलं, आपल्या रेडिओची जुनी रिळं समुद्राच्या ओलीनं कुजून चाललीत, ती वाचवू. तीस-चाळीस रिळं एका पेटीत भरून दोन माणसं सिंगापूरला आली. एक मंत्रालयाचे डायरेक्टर ओफोरी साहेब. दुसऱ्या होत्या एफुआ मॅडम, रेडिओची टेप-लायब्ररी सांभाळणाऱ्या.

सोमवारी सकाळी ओफोरी साहेबांनी अख्ख्या पेटीतला एकच डबा आधी मागितला. डब्यावर लिहिलेलं, 'बंडाची सकाळ'. पंचवीसेक वर्षांपूर्वी तिथल्या सैनिकांनी सरकार उलथवलं आणि ते रेडिओवरून देशाला ऐकवलं, ती टेप. जगात एकच. आणि तिच्यात निघाल्या ह्या गाणाऱ्या बाया.

"आमचं रीळ कुणी बदललं?" ओफोरी साहेब म्हणाले. एकदम हळू. तो माणूस मोठ्यानं कधी बोलतच नसे. "कपाटाची किल्ली कुणाकडे होती?"

किल्ली होती उज्ज्वल रामटेकेकडे. नागपूरकडचा इंजिनियर, कामाला वाघ, बोलायला गाय. शुक्रवारी पेटी त्यानंच ताब्यात घेतलेली, त्यानंच कपाटात ठेवलेली.

"ह्या माणसानं चोरलं," ओफोरी साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. "कुणाला विकलं ते विचारा त्याला."

मॅनेजर शिरीष, पुण्याचा, त्यानं उज्ज्वलला बाहेर पॅसेजमध्ये नेलं. "हे बघ, बुधवारी दुपारी त्यांची फ्लाइट आहे. तोपर्यंत टेप मिळाली नाही तर ते वरपर्यंत तक्रार करणार. मला कुणाचं तरी नाव द्यावं लागेल. आय ॲम सॉरी, पण नाव तुझंच आहे."

नोकरी गेली की सिंगापुरात राहायचा पास गेला. पास गेला की बुकित पंजांगचा फ्लॅट, लेकीची, जाईची शाळा, सगळं गुंडाळून नागपूर. आणि जाताना कपाळावर 'चोर'.

२

उज्ज्वलचे सासरे, रावसाहेब खोब्रागडे, लेकीकडे महिन्याभरासाठी आलेले. वर्ध्याकडच्या एका साप्ताहिकात उभा जन्म बातम्या गोळा केल्या. बातमी लिहायचे जेमतेम. पण माणसाला बोलतं करायचं तर रावसाहेबांनीच. समोरच्याला वाटायचं, म्हातारा नुसता चहा प्यायला आलाय.

दुपारी जावई घरी आला आणि बूट न काढता सोफ्यावर बसला. बायकोनं, रुपालीनं विचारलं तर सगळं सांगितलं आणि मान खाली घातली.

जाई तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "पापा, जस्ट टेल देम यू डिडन्ट टेक, लाह!"

"सांगितलं, बेटा."

रावसाहेबांनी चष्मा पुसला. "जावईबापू, ते डबडं मला पाहायला भेटंल काय?"

"मामाजी, तुम्ही कशाला..."

"मी त्याला हात लावत नाही. डोळे लावतो."

संध्याकाळी ऑफिसात शिरीषनं आधी नाक मुरडलं. "काका, हे प्रोफेशनल मॅटर आहे." पण त्याच्याही गळ्याशी आलेलं. बुडत्याला काय, काडीही चालते. त्यानं खोली उघडून दिली.

डबा पुठ्ठ्याचा, कडा कुजलेल्या. रिळाची चकरी लोखंडी. रावसाहेबांनी आधी फळीवर मांडलेले बाकीचे डबे वाचले, एकेक नाव ओठ हलवत. स्वातंत्र्यदिनाचं भाषण, बजेटचं भाषण, राष्ट्राध्यक्षांचा दौरा, संपाची बातमी, मयतीच्या सूचना, पुन्हा बजेट. मग ते बंडाच्या डब्याकडे वळले आणि रिकाम्या डब्याच्या तळाशी बघत बसले.

"जावईबापू, हे लाल काय आहे?"

"गंज आहे, मामाजी. चकरीचा."

पुठ्ठ्यावर गंजाचं गोल कडं उमटलं होतं. न्हाणीत खिळ्यांचा डबा ठेवला की फरशीवर उमटतं तसं. कड्याची एक बाजू चेपलेली.

"ती भजनाची चकरी ठेवा बरं ह्याच्यात."

उज्ज्वलनं ठेवली. थोडी फिरवली. चकरीची कड एका जागी वाकलेली होती, ती बरोबर त्या चेपलेल्या जागी बसली. गंजाला गंज जुळला.

शिरीष वाकून बघायला लागला. "म्हणजे?"

"म्हणजे ह्या बाया ह्या घरात आजकालच्या नाही आल्या," रावसाहेब म्हणाले. "एवढा गंज चढायला वर्षं लागतात. तुमच्या कपाटात रीळ राहिलं किती? शुक्रवार ते सोमवार. अदलाबदल झाली ती तिकडंच, आफ्रिकेत, जुन्या काळी. माझा जावई तेव्हा शाळेत असंल."

उज्ज्वलच्या तोंडावर जरा रंग आला. पण शिरीषनं मान हलवली. "काका, हे तुम्हाला-मला पटतंय. पण ओफोरी म्हणतात, पेटी निघाली तेव्हा टेप होती. आणि आपल्या पोचपावतीवर ह्यानं 'तपासून घेतली' अशी सही केलीय, न लावता."

"कुजलेली टेप साफ न करता लावली तर तुटते, सर!"

"ते त्यांना जाऊन सांग. त्यांना गंज नकोय, टेप हवीय. विचित्र माणूस आहे. स्वागताला माइक हातात दिला तर असा मागे सरला, जसा काही साप दिला. सगळं मॅडमना बोलायला लावलं."

रावसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "रेडिओ खात्याचा साहेब, आणि माइकला भितो?"

"उद्या पाहुण्यांची पुलाउ उबीन बेटावर ट्रिप आहे, आधीच ठरलेली. ते येणार म्हणतात. मी काय तोंड घेऊन नेऊ त्यांना?"

"माझं घेऊन चला," रावसाहेब म्हणाले.

३

उबीनला जायची होडी लहान. माणसं भरल्याशिवाय होडीवाला हलत नाही. चांगीच्या धक्क्यावर सगळे बाकड्यावर बसले. उज्ज्वल एका टोकाला, ओफोरी साहेब दुसऱ्या टोकाला, मधे रावसाहेब शेंगदाण्याची पुडी घेऊन.

रावसाहेबांचं इंग्रजी मोडकं, पण न लाजणारं. पुडी पुढं करून त्यांनी साहेबांना विचारलं, "पोरंबाळं किती?"

"तीन. मोठी वकील आहे."

"तुम्ही आधीपासून मंत्रालयात?"

"नाही. तरुणपणी रेडिओवर होतो. बातम्या वाचायचो." साहेबांनी एकच शेंगदाणा उचलला. "फार दिवस नाही."

"सोडलं काऊन?"

"आवाज गेला."

आवाज कुठं गेलेला? हळू बोलत होता माणूस, पण आवाज भरलेला होता, विहिरीसारखा. होडीचं इंजिन फटफटायला लागलं.

बेटावर शिरीषनं सायकली भाड्यानं घेतल्या आणि उज्ज्वल, ओफोरी साहेब आणि तो, तिघं निघाले. रावसाहेबांचे गुडघे आणि एफुआ मॅडमचं वजन, दोघांनाही सायकल मंजूर नव्हती. ते धक्क्याजवळच्या टपरीत नारळपाणी घेऊन बसले. समोर जुनी पत्र्याची घरं, दारात कोंबड्या.

"आमच्या गावासारखं आहे," मॅडम म्हणाल्या. "फक्त रेडिओ वाजत नाहीये. आमच्याकडे ह्या वेळेला प्रत्येक घरात रेडिओ वाजतो. मयतीच्या सूचना असतात ना."

"म्हणजे?"

"कोण गेलं, कुठल्या गावचं, मागं कोण कोण आहे, माती कधी. नातेवाइकांची नावं एकेक करून वाचतात. बाजारातली बाई वजन करता करता थांबते. मंत्र्याचं भाषण लागलं की लोक रेडिओ बंद करतात, पण मयतीच्या सूचना कुणी बंद करत नाही."

"आमच्याकडं पेपरात येतं, निधन वार्ता. लोक तेच पान आधी काढतात." दोघंही हसले. "आणि मॅडम, तुमच्याकडं बंड झालं की सैनिक आधी राजवाड्यात जातात म्हणे?"

"कोण म्हणतं? आधी रेडिओवर येतात! राजवाडा नंतर. रेडिओ हातात आला की देश हातात आला. आणि आले की मागच्या सरकारच्या टेपा काढायच्या, अंगणात ढीग करायचा, जाळायच्या. मी नोकरीला लागले तेव्हा आमचे वरिष्ठ होते, अंकोमा बाबा. त्यांनी तीन वेळा ती होळी बघितली."

"मग एवढी रिळं वाचली कशी?"

"बाबा हुशार होते." मॅडमच्या डोळ्यात चमक आली. "सैनिक पण आईचा मुलगा असतो ना. मेलेल्यांच्या नावाला तो हात लावत नाही. घाबरतो."

एवढं बोलून त्या थांबल्या. आपण जास्त बोललो असं वाटलं असावं.

रावसाहेबांनी स्ट्रॉनं नारळाचा तळ ढवळला. "मॅडम, एक विचारू? पेटीत सगळी रिळं राजकारणाची. भाषणं, दौरे, बजेट. त्यात एकच मयतीच्या सूचनांचं. एवढ्या दूर, विमानानं, ते काऊन आणलं? आणि पेटी कुणी भरली होती?"

एफुआ मॅडमनी नारळ टेबलावर ठेवला. तो कलंडला, पाणी सांडलं, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

४

"पेटी मी भरली," त्या म्हणाल्या.

"आणि बंडाचं रीळ मयतीच्या डब्यात आहे."

"हो. अंकोमा बाबांनी बंडाच्याच आठवड्यात घातलं. बंडाच्या डब्यात भजनं, मयतीच्या डब्यात बंड. कुणाला सांगितलं नाही. मरताना मला एकटीला सांगितलं. म्हणाले, पोरी, हे जप, ह्यात एका माणसाची अब्रू आहे. कुणाची, ते विचारायच्या आत गेले."

"तुम्ही ऐकलंय?"

"कशावर ऐकू? आमच्याकडं तसं चालणारं एकही मशीन राहिलं नाही. म्हणून तर इथं आणलं. बाकीच्यांबरोबर गपचूप साफ होईल, उतरवलं जाईल, मग कुणी जाळलं तरी हरकत नाही असं वाटलं."

"जाळणार कोण? ओफोरी साहेब?"

मॅडमनी रस्त्याकडे बघितलं. सायकली अजून दिसत नव्हत्या. "त्या सकाळी बंडाची घोषणा वाचणारा आवाज त्यांचा होता. अख्ख्या देशाला माहीत आहे. अजूनही बाजारात लोक त्यांना 'सैनिकांचा पोपट' म्हणतात. मंत्रालयानं ही पेटी पाठवायचं ठरवलं, तर पहिल्यांदा तेच म्हणाले, बंडाचं रीळ घ्या. वाचवायला कोण असं मागतं? त्यांना ते संपवायचं होतं."

"म्हणून तुम्ही गप्प."

"म्हणून मी गप्प."

रावसाहेब कोंबड्यांकडे बघत म्हणाले, "मॅडम, तुमचं रीळ वाचवायचं ठीक आहे. पण माझा जावई? त्याला सगळ्यांसमोर चोर म्हटलं. उद्या त्याला देशाबाहेर काढतील. एका माणसाची अब्रू जपायला दुसऱ्याची घालवायची, हे अंकोमा बाबांना चाललं असतं काय?"

मॅडमचे डोळे भरले. "मी विमानतळावर सांगणार होते. उतरवून झाल्यावर."

"तोवर त्याची नोकरी गेलेली असती, बाई."

आता पंचाईत बघा. खरं सांगावं तर रीळ ओफोरी साहेबांच्या हातात जाणार आणि संपणार. न सांगावं तर उज्ज्वल संपणार. रावसाहेबांनी दोन्ही मनात तोलून बघितलं. लांबून सायकलची घंटी वाजली.

"एक सांगा," ते घाईनं म्हणाले. "मयतीचं रीळ साफ करून उतरवायचं, हे कंपनीला दिलेल्या कामात आहे ना?"

"आहे. पेटीतलं प्रत्येक रीळ आहे."

"मग झालं. चोरी नाही, लपवालपवी नाही. उद्या सकाळी माझा जावई कामावर जाईल आणि दिलेलं काम करील. तेवढं होऊ द्या. मग सगळ्यांसमोर बोलायचं, तुम्ही आणि मी."

मॅडमनी मान डोलावली. ओफोरी साहेब घामेजलेले सायकलवरून उतरले आणि दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले.

५

बुधवारी सकाळी उज्ज्वलनं ते रीळ साफ केलं, आवाज बंद ठेवून उतरवलं. एक प्रत मंत्रालयाच्या डिस्कवर, एक रेडिओच्या. करारात होतं तसंच. मग रावसाहेबांनी सगळ्यांना खोलीत बसवलं.

"साहेब, तुमचं रीळ चोरीला गेलंच नाही," ते ओफोरी साहेबांना म्हणाले. "हा गंज बघा. भजनाची चकरी ह्या डब्यात वर्षानुवर्षं बसलेली. म्हणजे अदलाबदल तुमच्या देशातच झाली. कुणी केली? ज्याच्या हातात सगळे डबे होते त्यानं, लायब्ररीवाल्यानं. का केली? सैनिक जाळायला आले तर 'बंडाची सकाळ' हाच डबा आधी उचलतील. मग खरं रीळ ठेवलं कुठं? जिथं सैनिक हात लावत नाही तिथं. आणि भाषणांच्या पेटीत मयतीच्या सूचना एकच."

"मी आणलं," एफुआ मॅडम म्हणाल्या. "ह्या मुलाला काही माहीत नव्हतं. बोलायला मला दोन दिवस उशीर झाला, ती चूक माझी."

शिरीषनं सुटकेचा श्वास टाकला. पण ओफोरी साहेबांचा हात टेबलावर पुढं आला. "ते रीळ मला द्या."

"देतो. तुमचंच आहे," रावसाहेब म्हणाले. "पण मी जन्मभर लोकांना प्रश्न विचारले, एक तुम्हाला विचारतो. हजार भाषणं सोडून हेच आधी काऊन मागितलं? रेडिओ का सोडला? आवाज तर धडधाकट आहे. ते रीळ तुम्हाला मोडायचं आहे ना?"

साहेबांनी पुढं केलेला हात मागं घेतला. मग म्हणाले, "हो. माझी मुलगी निवडणुकीला उभी राहतेय. तिच्या सभेत कुणी ते वाजवावं असं मला वाटत नाही."

"प्रत झाली आहे, सर," उज्ज्वल कधी नव्हे ते बोलला. "तुमच्या कामात होतं, म्हणून केली. पण ऐकलेली नाही. तुमच्याआधी कुणी ऐकू नये असं वाटलं."

ओफोरी साहेबांनी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. मग खुर्चीत मागं टेकले. "लाव."

आधी नुसती खरखर. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. घोषणा नव्हतीच सुरू झाली अजून. कुणीतरी मशीन आधीच चालू करून ठेवलं होतं.

एक जाड आवाज म्हणाला, "वाच."

एक तरुण आवाज म्हणाला, "बातम्या सहाला. बातमीच्या टेबलावरून येतं तेच मी वाचतो."

फटका. खुर्ची पडली. "वाच."

"नाही वाचणार."

पुन्हा फटका. पुन्हा 'नाही'. मग बूट दुसरीकडे गेले, आणि एक म्हातारा रडायला लागला, 'मारू नका, मारू नका' म्हणत. बंदुकीचा खटका ओढल्याचा आवाज आला.

एफुआ मॅडम तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, "अंकोमा बाबा."

जाड आवाज म्हणाला, "आधी हा म्हातारा. मग तू. वाचतोस?"

मग तरुण आवाज, श्वास लागलेला: "त्याला सोडा. आणा तो कागद."

त्यानंतर घोषणा. स्वच्छ, ठणठणीत, एकाही अक्षराला न अडखळता. अख्ख्या देशानं ऐकली ती एवढीच.

उज्ज्वलनं बटण दाबलं.

"मी नाही म्हणालो होतो," ओफोरी साहेब म्हणाले. मग जणू पटलं नाही म्हणून पुन्हा: "मी तीनदा नाही म्हणालो होतो." त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा पुसला. "आधी मी सांगायचो लोकांना, मला मारलं. कुणी ऐकलं नाही. इतकी वर्षं 'पोपट, पोपट' ऐकून मलाही वाटायला लागलं, की मी पहिल्याच हाकेला कागद उचलला असणार. मला आठवेनासं झालं होतं."

"बाबांना आठवत होतं," मॅडम म्हणाल्या. "अब्रू म्हणाले ती तुमची. आणि मी तुमच्यापासूनच लपवत होते."

साहेब उठले. टेबलावरची मंत्रालयाची डिस्क त्यांनी स्वतः मॅडमच्या पिशवीत, रेडिओच्या डिस्कशेजारी ठेवली. "दोन्ही तुमच्याकडे राहू द्या. मंत्रालयात वस्तू हरवतात."

शिरीष पुढं सरसावला. "चला, ऑल्स वेल. मी ऑफिसला एक मेल टाकतो, की मॅटर क्लोज्ड."

"नाही," ओफोरी साहेब म्हणाले. "सोमवारी मी ह्याला चोर म्हटलं तेव्हा कोण कोण होतं इथं?"

"होते की, आठ-दहा जण. दार उघडंच होतं. अकाउंटवाले, रिसेप्शनची मुलगी, चहाची आंटी..."

"त्या सगळ्यांना बोलवा."

"सर, त्याची गरज नाही," उज्ज्वल कासावीस होऊन म्हणाला.

"तुला नसेल. आळ मेलनं जात नाही. मला माहीत आहे."

माणसं जमली. चहाची आंटी ओले हात पुसत दारात उभी राहिली. ओफोरी साहेबांनी कोटाची बटणं लावली, पाठ ताठ केली, आणि पंचवीस वर्षं कोंडून ठेवलेला आवाज मोकळा सोडला. पलीकडच्या ऑफिसातली माणसं सुद्धा उठून उभी राहिली म्हणतात.

"सोमवारी मी ह्या खोलीत सांगितलं, की उज्ज्वल रामटेके यांनी आमचं रीळ चोरलं. ती बातमी खोटी होती. त्यांनी काहीही चोरलेलं नाही. जे हरवलं असं मला वाटत होतं, ते त्यांनी मला परत दिलं. ज्यांनी ज्यांनी पहिली बातमी ऐकली, त्यांनी ही पण ऐकावी."

आणि अगदी बातम्या वाचल्यासारखं त्यांनी ते पुन्हा एकदा, जसंच्या तसं, म्हटलं.

दुपारी टॅक्सी पाहुण्यांना घेऊन गेली. शिरीष म्हणाला, "जा घरी आज लवकर." उज्ज्वलनं खाली येऊन रुपालीला फोन लावला आणि त्याला बोलताच येईना. रावसाहेबांनी फोन हातातून घेतला.

"रुपे, बॅगा खाली काढल्या असतील तर वर ठेव. आणि जाईला सांग, उद्या शाळा आहे."

एवढं बोलून त्यांनी फोन जावयाच्या खिशात ठेवला आणि त्याचं रडून होईपर्यंत बसस्टॉपवर शेजारी बसून राहिले. तीन बसा जाऊ दिल्या.